अपग्रेडनंतर थंबनेल आणि प्रीव्ह्यू गायब: काय परत आणायचे आणि काय राहू द्यायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज १० वरून विंडोज ११ वर गेल्यापासून फाइल एक्सप्लोरर ओळखीचा राहिलेला नाही. छायाचित्रांच्या आणि स्कॅन केलेल्या पीडीएफच्या फोल्डरमध्ये पूर्वी प्रत्येक फाइलचे छोटे चित्र, म्हणजे थंबनेल, दिसत असे, तिथे आता नुसते आयकॉन दिसतात. फाइल न उघडता ती उजवीकडच्या प्रीव्ह्यू पेनमध्ये वाचता येत असे, तिथे काही पीडीएफसाठी आता मजकुराऐवजी इशारा येतो. राइट क्लिकचा मेनू आखूड झाला आहे आणि प्रत्येक फोल्डर आपल्या मर्जीने वेगळ्या मांडणीत उघडतो. विचारणाऱ्यांचे काम दिवसभर स्कॅन चाळण्याचे असल्यामुळे त्यांचा वेग निम्म्यावर आला आहे, आणि शेवटी त्यांनी विचारले आहे की जुना एक्सप्लोरर जसाच्या तसा परत आणणारे एखादे सॉफ्टवेअर आहे का.

अशी सॉफ्टवेअर आहेत, पण त्यांच्याकडे मी सर्वांत शेवटी वळेन. गेली बरीच वर्षे मी इतरांचे संगणक अपग्रेड करून देण्याचे आणि नंतर त्यांच्या तक्रारी निस्तरण्याचे काम करतो आहे, आणि ‘सगळेच बिघडले’ ही तक्रार उलगडून पाहिली की तिच्यात जवळपास नेहमी तीन वेगळ्या प्रकारच्या गोष्टी एकत्र गुंतलेल्या असतात. काही सेटिंग अपग्रेडमध्ये बदललेली असतात आणि ती दोन मिनिटांत पूर्ववत होतात. काही सोयी शाबूत असतात, त्यांची जागा तेवढी हललेली असते. आणि एखादी सोय मुद्दाम, सुरक्षेच्या कारणासाठी, बंद केलेली असते. तुमच्या चार तक्रारींमध्ये हे तीनही प्रकार आहेत, आणि प्रीव्ह्यू पेनमधला इशारा हा तिसऱ्या प्रकारातला आहे. सरसकट सगळे जुने करणारे सॉफ्टवेअर हा भेद करत नाही, म्हणून आधी कोणती तक्रार कोणत्या प्रकारातली आहे ते ठरवू या.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. संगणक कार्यालयाचा असेल आणि त्यावर कार्यालयाचे धोरण लागू असेल, तर खाली सांगितलेले काही पर्याय तुम्हाला धूसर, न बदलता येणारे दिसतील. तिथे हट्ट न धरता संगणक सांभाळणाऱ्या विभागाला सांगावे. फायली तुमच्या स्वतःच्या डिस्कवर आहेत, नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये आहेत की वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, यानेही उत्तर बदलते. अपग्रेड जुन्यावरच चढवले की डिस्क पुसून नव्याने केले, हेही महत्त्वाचे आहे, कारण दुसऱ्या प्रकारात जुन्या प्रोग्रामांनी एक्सप्लोररला दिलेली जोड पूर्णपणे गेलेली असते. अपग्रेडला १० दिवस झाले नसतील तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ या वाटेने मागे जाण्याचा पर्याय सहसा उपलब्ध असतो, परंतु विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे निव्वळ एक्सप्लोररच्या रूपासाठी मागे जाणे मला पटत नाही. मेनूंची नावे मी इंग्रजी मांडणीतली देतो आहे. तुमची मांडणी मराठी असेल तर जागा त्याच राहतील, शब्द तेवढे वेगळे दिसतील.

थंबनेलपासून सुरुवात करू. कोणतेही सेटिंग हलवण्यापूर्वी मी एक साधी चाचणी करतो. पेंट उघडायचे, माउसने एक वेडीवाकडी रेघ ओढायची आणि ती ‘चाचणी’ या नावाने पीएनजी स्वरूपात पिक्चर्स फोल्डरमध्ये साठवायची. मग तो फोल्डर उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि २ या कळा एकत्र दाबायच्या. या कळांनी फोल्डर मोठ्या आयकॉनच्या मांडणीत येतो. तुम्ही ओढलेली तीच वेडीवाकडी रेघ आयकॉनच्या जागी दिसली, तर थंबनेल बनवणारी यंत्रणा ठणठणीत आहे आणि दोष तुमच्या विशिष्ट प्रकारच्या फायलींशी संबंधित आहे. रेघ न दिसता चित्राचा सर्वसाधारण आयकॉन दिसला, तर दोष सेटिंगमध्ये किंवा साठवलेल्या थंबनेलमध्ये आहे. या एका रेघेने अर्धा शोध संपतो, आणि तरीही बहुतेक जण ती न ओढता थेट मिळेल ते सेटिंग बदलू लागतात.

या चाचणीत ज्या कळा दाबल्या त्यांतच पुष्कळ तक्रारी मिटतात, हेही सांगायला हवे. ‘डिटेल्स’, ‘लिस्ट’ आणि ‘स्मॉल आयकॉन्स’ या मांडण्यांमध्ये थंबनेल मुळात दिसतच नाहीत. ती ‘मीडियम’ किंवा त्याहून मोठ्या आयकॉनमध्ये दिसतात. अपग्रेडमध्ये फोल्डरची मांडणी ‘डिटेल्स’वर गेली असेल तर थंबनेल गेल्यासारखी वाटतात, प्रत्यक्षात ती दाखवायची जागाच उरलेली नसते.

रेघ दिसली नाही, तर एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीतील तीन टिंबांवर क्लिक करून ‘ऑप्शन्स’ उघडावे आणि ‘व्ह्यू’ या टॅबमधील ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ यापुढील खूण काढावी. संगणक वेगवान व्हावा म्हणून कोणी ‘परफॉर्मन्स ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ निवडले असेल, तरीही थंबनेल बंद होतात. तिथे ‘शो थंबनेल्स इन्स्टेड ऑफ आयकॉन्स’ ही एक खूण पुन्हा लावली की पुरते, बाकीची सजावट बंद राहिली तरी चालते. एवढे करूनही फरक पडला नाही, किंवा काही फायलींची चित्रे दिसतात आणि काहींची काळी अथवा भलतीच दिसतात, तर साठवलेली थंबनेल खराब झाली आहेत असे समजावे.

विंडोज एक्सपीच्या काळात थंबनेल त्या त्या फोल्डरमध्येच एका लपलेल्या फाइलमध्ये साठवली जात. व्हिस्टापासून ती प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात एका ठिकाणी, आकारानुसार वेगवेगळ्या फायलींमध्ये, जमा होतात. ही निव्वळ साठवण आहे, मूळ छायाचित्रांशी तिचा संबंध नाही, त्यामुळे ती पुसण्यात धोका नाही. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’, ‘टेम्पररी फाइल्स’ या वाटेने जाऊन बाकी सगळ्या खुणा काढाव्यात, फक्त ‘थंबनेल्स’ची ठेवावी आणि पुसावे. बाकीच्या खुणा काढा हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण त्या यादीत ‘डाउनलोड्स’ फोल्डरही असतो, आणि घाईत सगळे पुसून मग हळहळणारी माणसे मी पाहिली आहेत. पुसल्यानंतर थंबनेल फोल्डर उघडेल तसतशी नव्याने बनतात. हजारो स्कॅन असलेला फोल्डर पहिल्यांदा उघडताना हिरवी पट्टी बराच वेळ रेंगाळेल. तेव्हा धीर धरावा आणि उपाय फसला असे दोन मिनिटांत ठरवू नये.

आता रेघ दिसते, पण तुमचे स्कॅन दिसत नाहीत, अशी स्थिती घेऊ. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते. एक्सप्लोरर स्वतः काही ठराविक प्रकारच्या चित्रांचीच थंबनेल बनवतो. इतर प्रकारांसाठी ती फाइल वाचू शकणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने बसवलेल्या छोट्या घटकावर तो विसंबून असतो. पीडीएफच्या पहिल्या पानाचे चित्र तुम्हाला पूर्वी दिसत होते ते तुमच्या जुन्या पीडीएफ वाचकामुळे. अपग्रेडनंतर पीडीएफ उघडण्याचे काम मायक्रोसॉफ्ट एजकडे गेलेले मी अनेक संगणकांवर पाहिले आहे. एजमध्ये पीडीएफ उत्तम वाचता येते, पण एज एक्सप्लोररला पीडीएफची थंबनेल पुरवत नाही, म्हणून सगळीकडे एजचाच आयकॉन दिसू लागतो. अशा वेळी ‘सेटिंग्ज’मधील ‘डिफॉल्ट ॲप्स’मध्ये पीडीएफसाठी आपला नेहमीचा वाचक पुन्हा निवडावा. तो ॲडोब ॲक्रोबॅट रीडर असेल तर त्याच्या ‘प्रेफरन्सेस’मधील ‘जनरल’ या भागात एक्सप्लोररमध्ये पीडीएफची थंबनेल दाखवण्याची वेगळी खूण आहे, तीही लावावी लागते. नुसता वाचक निवडून ही खूण विसरल्यामुळे ‘केले पण झाले नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

फोनमधून आलेल्या एचईआयसी छायाचित्रांचीही हीच गत आहे. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स लागते, आणि आतली संकोचनाची पद्धत एचईव्हीसी असल्यामुळे त्याचे वेगळे एक्स्टेन्शनही लागते. दुसरे एक बारकावे असलेले कारण जुन्या संगणकांवर आढळते. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती मिळत असे, विंडोज ११ ची मिळत नाही. ३२-बिट काळातला एखादा प्रोग्राम नव्या विंडोजवर उत्तम चालतो, पण त्याने एक्सप्लोररसाठी बसवलेला ३२-बिट घटक ६४-बिट एक्सप्लोरर आत घेत नाही. अशा वेळी सेटिंगमध्ये शोधत बसण्याऐवजी त्या प्रोग्रामची ६४-बिट आवृत्ती बसवावी. वनड्राइव्हमधील ज्या फायलींपुढे ढगाचे चिन्ह दिसते त्या तुमच्या डिस्कवर नसतात, हेही लक्षात घ्यावे. रोज चाळायचा फोल्डर वनड्राइव्हमध्ये असेल, तर त्यावर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावे आणि फायली उतरेपर्यंत थांबावे.

यातले काहीच लागू पडले नाही, तर संगणकावर नवे स्थानिक खाते तयार करून त्यात शिरावे आणि तीच रेघ तिथे ओढून पाहावी. नव्या खात्यात सगळे नीट दिसले तर दोष तुमच्या खात्यातील सेटिंगमध्ये आहे, संपूर्ण विंडोज पुन्हा बसवण्याची गरज नाही. तिथेही दिसले नाही, तर तो सगळ्या संगणकाचा प्रश्न आहे आणि संशय आधी ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचे चित्र सांभाळणारा प्रोग्राम, किंवा अर्धवट झालेल्या अपडेटकडे वळवावा. काम झाल्यावर ते खाते काढून टाकावे.

प्रीव्ह्यू पेनबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण इंटरनेटवर सर्वांत घातक सल्ले याच एका गोष्टीवर मिळतात.

पेन अजिबात दिसत नसेल तर ऑल्ट आणि पी या कळा एकत्र दाबाव्यात. विंडोज ११ च्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत मेनूतील तिची जागा बदलत गेली आहे, कळा मात्र त्याच राहिल्या आहेत, म्हणून मी कळाच शिकवतो. पेन दिसते पण सगळ्याच फायलींसाठी रिकामी राहते, तर ‘ऑप्शन्स’मधील ‘व्ह्यू’ टॅबमध्ये ‘शो प्रीव्ह्यू हँडलर्स इन प्रीव्ह्यू पेन’ ही खूण आहे का ते पाहावे. फक्त वर्डच्या फायली दिसत नसतील तर वर्ड बसवलेले आहे का, आणि अपग्रेडनंतर ऑफिसला दुरुस्तीची गरज आहे का, ते तपासावे. इथेही एक्सप्लोरर वर्डची फाइल स्वतः वाचत नाही, वर्डच्या घटकाला वाचायला लावतो. हे घटक एक्सप्लोररपासून अलग, मर्यादित अधिकार असलेल्या प्रक्रियेत चालतात, त्यामुळे एखाद्या सदोष फाइलमुळे घटक कोसळला तरी सहसा सगळा एक्सप्लोरर कोसळत नाही.

पण तुमचे वर्णन वेगळे आहे. पेन चालते, स्वतः स्कॅन केलेल्या पीडीएफ दिसतात, आणि ई-मेलने आलेल्या अथवा डाउनलोड केलेल्या पीडीएफच्या जागी ‘ही फाइल तुमच्या संगणकाला अपाय करू शकते’ अशा आशयाचा इशारा येतो. हा बिघाड नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून आलेल्या सुरक्षा अपडेटने इंटरनेटवरून आलेल्या फायलींचा प्रीव्ह्यू एक्सप्लोररमध्ये बंद केला आहे. ही तारीख आणि विंडोज १० चा आधार संपल्याची तारीख एकच आहे. त्या सुमारास हजारो लोकांनी विंडोज ११ घेतले, त्याच वेळी हा बदल आला, आणि साहजिकच त्याचे खापर अपग्रेडवर फुटले. विंडोज ११ वर आधीपासून असलेल्यांचाही प्रीव्ह्यू त्याच अपडेटनंतर असाच बंद झाला.

कारण समजून घेतले तर राग थोडा कमी होईल. काही फायलींच्या आत बाहेरच्या एखाद्या ठिकाणाकडे बोट दाखवणारा दुवा दडवता येतो. अशी फाइल तुम्ही उघडली नाही, नुसती निवडली आणि पेनमध्ये तिचे दर्शन घेतले, तरी विंडोज त्या बाहेरच्या ठिकाणी पोहोचण्याचा प्रयत्न करते आणि त्या ओघात तुमच्या पासवर्डपासून तयार झालेला सांकेतिक अंश, म्हणजे एनटीएलएम हॅश, हल्लेखोराच्या हाती पडू शकतो. ‘मी तर फाइल उघडलीच नव्हती’ हे वाक्य तिथे कामाला येत नाही. प्रीव्ह्यू पेन ही सोय आपल्याला निरुपद्रवी वाटते ती नेमकी याच समजुतीवर, आणि ती समजूत चुकीची आहे.

कोणती फाइल बाहेरून आली हे विंडोजला कळते ते एका खुणेमुळे. ब्राउझर किंवा ई-मेलचा प्रोग्राम फाइल साठवताना तिच्यासोबत ‘झोन’ची नोंद जोडतो, एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीच्या डिस्कवर ही नोंद फाइलच्या मजकुराला धक्का न लावता तिच्या पाठीशी लपून राहते, आणि इंटरनेटसाठी तिच्यात ३ हा आकडा असतो. तुमच्या स्कॅनरमधून थेट आलेल्या फायलींवर अशी खूण नसते, म्हणून त्या दिसतात. एका खात्रीच्या फाइलची खूण काढायची असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, ‘जनरल’ टॅबच्या तळाशी ‘अनब्लॉक’ असा चौकोन दिसेल, त्यात खूण करून ‘अप्लाय’ करावे. परिणाम लगेच दिसला नाही तर एकदा साइन आउट करून पुन्हा आत यावे.

रोज शंभर फायली येत असतील तर हे एकेक करणे शक्य नाही, हे मी जाणतो. पॉवरशेल या आज्ञा टाइप करून देण्याच्या विंडोजमधील साधनात पूर्ण फोल्डरची खूण एका आज्ञेने काढता येते, आणि मीही ती वापरतो, परंतु एका शिस्तीने. बाहेरून आलेले सगळे ‘आवक’ या एका फोल्डरमध्ये उतरते. पाठवणारा ओळखीचा आहे आणि फाइल अपेक्षित होती, एवढे पाहून, अँटिव्हायरसने तपासून, मग ती ‘तपासलेले’ या दुसऱ्या फोल्डरमध्ये जाते आणि फक्त त्या दुसऱ्या फोल्डरवर ती आज्ञा चालते. ‘डाउनलोड्स’वर ती कधीच चालवू नये. स्कॅन झिपमध्ये येत असतील तर काम आणखी सोपे आहे: झिप उघडण्याआधीच तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ती अनब्लॉक केली, तर एक्सप्लोररने बाहेर काढलेल्या फायलींवर खूण उतरतच नाही. आधी बाहेर काढल्या आणि मग आठवण झाली, तर प्रत्येक फाइल खुणेसह बाहेर आलेली असते.

ज्या सल्ल्यापासून तुम्ही लांब राहावे असे मला वाटते, तो म्हणजे ही खूण जोडण्याची पद्धतच एका धोरणाने कायमची बंद करणे. त्याने प्रीव्ह्यू परत येतो हे खरे आहे. पण फाइल फक्त वाचण्यापुरती उघडणारा ऑफिसचा ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’, बाहेरून आलेल्या फायलींतील मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) रोखण्याची व्यवस्था आणि विंडोजच्या स्मार्टस्क्रीन या पहारेकऱ्याचे इशारे हे सगळे त्याच खुणेवर चालतात. एका पेनसाठी आपण तीन कुलपे उघडी टाकतो. कार्यालयाच्या सामायिक फोल्डरमधील फायलींनाही इशारा येत असेल, तर तो सर्व्हर विंडोजला इंटरनेटवरचा वाटतो आहे. त्याला ‘इंटरनेट ऑप्शन्स’मधून ‘लोकल इंट्रानेट’मध्ये घालता येते, मात्र मग त्या सर्व्हरवरील प्रत्येक फाइलवरचा पहारा ढिला होतो, म्हणून हा निर्णय सर्व्हर सांभाळणाऱ्याने घ्यावा, तुम्ही किंवा मी नाही.

राइट क्लिकच्या मेनूबद्दल तेवढे बोलण्यासारखे नाही. जुना मेनू गेलेला नाही, तो ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे आहे. शिफ्ट दाबून राइट क्लिक केले, किंवा फाइल निवडून शिफ्ट आणि एफ१० दाबले, तर तो थेट उघडतो. नव्या मेनूत जागा मिळवण्यासाठी प्रोग्रामला नव्या पद्धतीने नोंदणी करावी लागते, म्हणून तुमच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती घेतल्यावर त्याचे पर्याय पुष्कळदा पुढच्या मेनूतही दिसू लागतात. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग जिथे साठवते त्या नोंदवहीत, एक रिकामी नोंद करून जुना मेनू कायमचा पुढे आणण्याची युक्ती प्रसिद्ध आहे आणि ती चालते, पण ते मायक्रोसॉफ्टने दिलेले सेटिंग नसल्यामुळे एखाद्या अपडेटनंतर ते विरले तर आश्चर्य वाटू देऊ नये. माझे मत विचाराल तर दोन आठवडे शिफ्टची सवय करून पाहावी. माझ्या हाताला ती आठवडाभरात लागली. कापणे, नक्कल करणे आणि नाव बदलणे ही कामे नव्या मेनूत छोट्या चिन्हांच्या रूपात अगदी वर गेली आहेत, तिथे मात्र अजूनही माझी नजर कधीकधी चुकते.

फोल्डरच्या मांडणीची तक्रार किरकोळ दिसते, पण ती समजायला सर्वांत अवघड आहे. विंडोज प्रत्येक फोल्डरला एक प्रकार देते: सर्वसाधारण, दस्तऐवज, चित्रे, संगीत किंवा चलचित्रे. आतल्या फायली पाहून ती हा प्रकार स्वतः ठरवते, आणि मांडणी त्या प्रकारावरून येते. म्हणून तुमच्या फोल्डरमध्ये स्कॅन केलेली जेपीईजी पाने जास्त असतील तर तो चित्रांचा ठरतो, आणि शेजारचा, ज्यात पीडीएफ जास्त, तो दस्तऐवजांचा. ‘ऑप्शन्स’मधील ‘अप्लाय टू फोल्डर्स’ हे बटण सगळ्या फोल्डरांना एकच मांडणी देते असा समज आहे. ते फक्त त्याच प्रकारच्या फोल्डरांना देते. त्यामुळे आधी तुमच्या मुख्य फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कस्टमाइझ’ टॅबवर जाऊन प्रकार ‘पिक्चर्स’ निवडावा, खालच्या सगळ्या उपफोल्डरांनाही तोच लागू करण्याची खूण लावावी, त्यानंतर त्यातल्या एका फोल्डरची मांडणी हवी तशी लावून मगच ‘अप्लाय टू फोल्डर्स’ दाबावे. क्रम उलटा झाला तर परिणाम दिसत नाही. ‘डाउनलोड्स’चा प्रकार वेगळा असतो, तिथे तारखेनुसार पाडलेले गट नको असतील तर ‘ग्रुप बाय’मध्ये ‘नन’ निवडावे लागते. ओळींमधले अंतर जास्त वाटत असेल तर ‘व्ह्यू’ मेनूतील ‘कॉम्पॅक्ट व्ह्यू’ ते पूर्वीसारखे आवळते, आणि एक्सप्लोरर ‘होम’ऐवजी ‘धिस पीसी’वर उघडावा ही सोय ‘ऑप्शन्स’च्या पहिल्याच टॅबवर आहे.

फोल्डरांची साठवलेली सगळी स्मृती रजिस्ट्रीतून पुसून नव्याने सुरुवात करा, असाही सल्ला मिळेल. एका कार्यालयात मी तो उत्साहाने सगळ्या संगणकांवर अमलात आणला होता. तिथल्या एका बाईंनी वर्षानुवर्षे प्रत्येक फोल्डरमध्ये छायाचित्र काढल्याची तारीख, लांबीरुंदी असे रकाने आपल्या कामाच्या क्रमाने लावून ठेवले होते, ते सगळे माझ्या एका क्लिकने गेले. अर्धा दिवस त्यांच्या शेजारी बसून ते पुन्हा लावून दिले. तेव्हापासून रजिस्ट्रीची ती शाखा आधी निर्यात करून ठेवल्याशिवाय मी तिला हात लावत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, सॉफ्टवेअरचा. ही सॉफ्टवेअर दोन जातींची असतात. एक जात चालू एक्सप्लोररच्या पोटात शिरून त्याचे वागणे बदलते. ती चालते तेव्हा जादूसारखी चालते, पण विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटने आतली रचना हलवली की तिचा आधार निसटतो. अशाच एका सॉफ्टवेअरमुळे एका सकाळी माझ्यासमोर एक संगणक आला, ज्याचा टास्कबार दर काही सेकंदांनी दिसत होता आणि नाहीसा होत होता, कारण एक्सप्लोरर उघडता उघडता कोसळत होता. सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक भागांवर विंडोज सुरू करून, ते काढले तेव्हा संगणक ताळ्यावर आला. ज्या संगणकावर रोजचे काम अवलंबून आहे तिथे मी ही जात बसवत नाही.

दुसरी जात एक्सप्लोररला हात न लावता त्याच्या शेजारी उभी राहते. मायक्रोसॉफ्टचेच पॉवरटॉइज हे मोफत साधन बसवले तर त्यातील ‘पीक’ने, निवडलेल्या फाइलवर कंट्रोल आणि स्पेसबार दाबताच, ती मोठ्या खिडकीत दिसते आणि बाणांच्या कळांनी पुढची पुढची फाइल पाहत जाता येते. स्कॅन चाळणाऱ्याला पेनपेक्षा हे कदाचित जास्त सोयीचे वाटेल. टोटल कमांडर किंवा डिरेक्टरी ओपस यांसारखे स्वतंत्र फाइल व्यवस्थापकही याच जातीतले आहेत. त्यांची सवय लागायला वेळ लागतो, पण विंडोजच्या अपडेटने ते सहसा डळमळत नाहीत. मात्र बाहेरून आलेल्या फायलींबाबतची ‘आवक’ आणि ‘तपासलेले’ ही शिस्त त्यांच्यासोबतही पाळावी, कारण एक्सप्लोररचा पहारा दुसऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत असेलच असे नाही.

तुमच्या बाबतीत मी हा क्रम धरेन: प्रथम रेघ, मग पीडीएफचा नेहमीचा वाचक आणि त्यातली थंबनेलची खूण, मग फोल्डरचा प्रकार, आणि पीक. मेनूला सध्या हात लावू नये. रेघ दिसली की नाही, नव्या खात्यात काय दिसले, आणि इशारा येणाऱ्या एका फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’चा चौकोन आहे की नाही, एवढ्या तीन गोष्टी कळवल्यात तर पुढचे नेमके सांगता येईल.